मधला महिना

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,



जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दिव्यांग मुलाच्या केसपेपरवर बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: ‘सी.पी., स्पास्टिक डायप्लेजिया. फिजिओ. फॉलोअप एक महिना.’ ओळ बरोबर असते. डॉक्टरांनी मूल नीट तपासलेलं असतं, निदानात खोट नसते आणि बाहेर पुढचे पेशंट ताटकळत असतात. तो कागद ज्या आईच्या हातात पडतो, तिला त्यातला ‘महिना’ तेवढा समजतो. सी.पी. (सेरेब्रल पाल्सी) म्हणजे काय, ते कशामुळे झालं, मूल चालेल का, बोलेल का, घरी काय करायचं आणि काय टाळायचं, हे सगळं त्या मधल्या महिन्यावर सोपवलेलं असतं. त्या महिन्यात आई काय करते हे शोधायला समिती नेमायला नको. ती फोन काढते. टाइप करणं जमत नसेल तर माइकच्या खुणेवर बोट ठेवून विचारते, ‘सीपी बरा होतो का?’

समोर येते एक रील. सुरुवातीला मूल आईच्या कडेवर, मान एका बाजूला कललेली. मग पांढरा कोट, एखादं चकचकीत यंत्र, मागे बासरी. शेवटी तेच मूल, निदान तसंच दिसणारं मूल, वॉकर धरून उभं. या दोन दृश्यांमध्ये किती महिने गेले, त्या काळात आणखी काय काय चालू होतं, मुलाला मुळात कितपत अडचण होती, याचा पत्ता नाही. खाली फोन नंबर आणि ‘सल्ला मोफत’. नंबर लावला की सल्ल्याचं पॅकेज होतं: इतकी सत्रं, इतके लाख, हप्त्याची सोय. पलीकडचा आवाज मात्र घरच्या माणसासारखा. ‘ताई, मुलाचं वय निघून चाललंय. आता उशीर करू नका.’

मंत्रिमहोदय, हे पत्र त्या पलीकडच्या आवाजाबद्दल कमी आणि आपल्या खात्याच्या गप्प बसण्याबद्दल जास्त आहे. विकाऊ माहिती आज मराठीत आहे, सोपी आहे आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत घरपोच आहे. भरवशाची माहितीही फुकटच आहे, पण बहुतांश इंग्रजीत, लांबलचक, आणि ती शोधायची कुठे हे आधीच ठाऊक असलेल्यालाच सापडणारी. विकणाऱ्याला मराठीत बोलणं परवडतं, कारण त्यातून गिऱ्हाईक मिळतं. ज्याला काही विकायचं नाही अशा कुणीतरी तेवढ्याच सोप्या मराठीत बोलायला हवं. राज्यात असा सगळ्यात मोठा ‘कुणीतरी’ म्हणजे आपलं खातं.

प्रश्न मूठभर घरांचा नाही. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी, बौद्धिक अक्षमता, ऐकण्याच्या नि बोलण्याच्या अडचणी असं सगळं मोजल्यावर जवळपास आठातल्या एका मुलाला यातलं काही ना काही होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हाचा कायदा फक्त ७ प्रकारची अपंगत्वं मानत होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती यादी २१ वर नेली. यादी वाढली, प्रमाणपत्रावरचे रकाने वाढले. त्या २१ पैकी प्रत्येकाबद्दल आई-बापांनी काय जाणून घ्यावं, याचं एक सलग, अधिकृत, मराठी पान अजून त्यांच्या हाती आलेलं नाही.

रीलमधल्या यंत्रांपैकी एक हटकून ऑक्सिजनचं असतं. मुलाला बंद टाकीत बसवून वाढलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे मेंदूतल्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, असा दावा. हाच दावा कॅनडातल्या क्वीबेक प्रांतात पालकांनी लावून धरला होता, म्हणून तिथे त्याची रीतसर परीक्षा झाली. ३ ते १२ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली १११ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला किंचित दाबाची साधी हवा. दोन महिन्यांत तासाभराची ४० सत्रं. कोणत्या मुलाला काय मिळतंय हे आई-वडिलांना माहीत नव्हतं.

निकाल २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि जवळजवळ सारखीच. ऑक्सिजनमुळे वेगळं काही पदरात पडलं नाही. कानाचा त्रास मात्र ऑक्सिजनच्या गटात जास्त झाला.

या निकालात पालकांना समजून घेण्याची किल्ली आहे. रीलखाली ‘आमच्या मुलाला फरक पडला’ असं लिहिणारी आई खोटं बोलत नसते. फरक पडलेलाच असतो. लहान मूल वाढत असतं, दोन महिने रोज त्याच्याकडे चार माणसं कौतुकाने बघत असतात, आई-बापांची उमेद वाढलेली असते, आणि साध्या हवेतही ते सगळं घडतं. म्हणून अनुभव कितीही खरा असला तरी तो उपचाराचा पुरावा होत नाही. सिव्हिलमध्ये पाच मिनिटं बसून कुणी एवढंच समजावून सांगितलं, तर ती आई टाकीचे पैसे वाचवून त्यातून रिक्षाचं भाडं भरेल आणि फिजिओला नियमित येईल.

स्टेम सेल उपचारांची गोष्ट याहून महाग. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल हा अजून प्रयोगाचा विषय आहे आणि तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचा. अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने आणखी एक पाऊल टाकलं. ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन मानलं जाईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. ‘पैसे मागतायत, म्हणजे ती चाचणी नाही. चाचणी नाही, म्हणजे तो उपचार द्यायलाच नको’ ही दोन वाक्यं मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर असती, तर किती घरांची शेतं नि मंगळसूत्रं गहाण पडायची वाचली असती!

कायदा नाही असंही नाही. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याला जोडलेल्या यादीत मेंदूचे विकार, फेफरे, बहिरेपणा, अंधत्व, लकवा आहेत. ते बरे करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे, मग ती भिंतीवर असो वा फोनवर. हा कायदा राबवणारं अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्याखाली येत नाही, हे मान्य. अडचण नेमकी तिथेच आहे. दिव्यांग मुलाचं आरोग्य आपल्याकडे, प्रमाणपत्राचा दवाखाना आपल्याकडे, पण साहित्य नि विशेष शाळा डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, समावेशित शिक्षण शालेय शिक्षणाकडे. मूल एक, खाती चार. आणि त्या मुलाच्या घरी खरी माहिती पोचवण्याचं काम यांपैकी कुणाच्याच टेबलावर नाही.

खोट्या माहितीने होणारं नुकसान दिसतं, त्यावर बातम्या होतात. न मिळालेल्या माहितीचं नुकसान मोठं असतं आणि त्याची बातमी होत नाही. खुब्याचंच घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू ताठ असतात आणि ते मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून हळूहळू बाहेर ओढत राहतात. सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही, तपासणाऱ्या हातालाही नेहमी कळत नाही. दुखायला लागतं तेव्हा सांधा निखळलेला असतो. मग बसवताना, अंघोळ घालताना, लंगोट बदलताना मूल कळवळतं आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या नोंदींतून २००६ मध्ये दिसलं की सेरेब्रल पाल्सी असलेल्या शंभरांतल्या ३५ मुलांचा खुबा जागेवरून सरकतो. स्वतःच्या पायांनी नीट चालणाऱ्या मुलांत हे प्रमाण शून्याच्या घरात असतं. मान-धडही सावरता न येणाऱ्या मुलांत ते ९० टक्क्यांपर्यंत जातं.

उपाय काय? ठरावीक काळाने दोन्ही खुब्यांचा एक एक्स-रे. दक्षिण स्वीडनने १९९४ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवून असे एक्स-रे सुरू केले आणि सरकणारा खुबा वेळेत धरला. पूर्वी तिथे शंभरांत आठएक मुलांचे सांधे निखळत. नंतर ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. भारतातल्या बालअस्थिरोगतज्ज्ञांनीही आता या तपासणीचं वेळापत्रक आखलं आहे. एक्स-रे यंत्र जिल्हा रुग्णालयात आहे, काढणारा आहे, बघणारा आहे. पण खुब्याच्या एक्स-रेची रील कुणी करत नाही. त्यात पॅकेज नाही ना!

अशीच न विकली जाणारी माहिती प्रत्येक अपंगत्वाला आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून बाळ वरवर ठणठणीत दिसलं तरी इको करायचा असतो. थायरॉइडची तपासणी तर पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवायची असते, कारण थायरॉइडमुळे आलेली सुस्ती ‘ही मुलं अशीच असतात’ या समजुतीखाली खपून जाते. ऐकू न येणाऱ्या बाळाबाबत जगभरचा नियम एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे मात्र तिसऱ्या वर्षीही आजी समजूत घालत असते, ‘मुलगाच आहे, बोलेल उशिरा. याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता.’ आजीला दोष देण्यात अर्थ नाही. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

फिट आल्यावर काय होतं, हे तर प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत लोखंडी चावी कोंबतो, आणि दातखीळ उघडायला चमचा तोंडात घालणारा एकजण असतोच. त्या चमच्याने दात तुटतात. खरं तर करायचं थोडंच असतं: मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. आणि ‘आता वर्षभर फिट नाही’ म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. दीड मिनिटाच्या व्हिडिओत हे सगळं बसतं. आशाताईच्या फोनवर तो असला की गावच्या निम्म्या फोनांवर पोचेल.

लसीचंही सांगायला हवं, कारण ऑटिझमच्या शोधात पालक तिथे हमखास पोचतात. १९९८ मध्ये लंडनमधल्या एका डॉक्टरने १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीकडे बोट दाखवलं. ‘लॅन्सेट’ने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरची नोंदणीही गेली. डेन्मार्कने साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं की लसीचा ऑटिझमशी संबंध नाही. मागे घेतलेला लेख फोनवर अजून जिवंत आहे. उलट बाजू फार थोड्यांना माहीत असते: गरोदरपणात रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयात दोष घेऊन जन्मू शकतं. म्हणजे जी लस अपंगत्व टाळते, तिलाच लोक अपंगत्वासाठी जबाबदार धरतात. महाराष्ट्राने २७ नोव्हेंबर २०१८ ला गोवर-रुबेला मोहीम सुरू केली तेव्हा या अफवेशी आपल्या कर्मचाऱ्यांनी दारोदार झुंज दिली होती. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचा प्रश्न पुन्हा वर आला.

एक शंका लगेच घेतली जाईल: एवढं सगळं मराठीत कोण लिहिणार? सगळं नव्याने लिहायचंच नाहीये. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या डोंगरी गावांत काम करून १९८७ मध्ये खेड्यातल्या दिव्यांग मुलांसाठी जे जाडजूड सचित्र पुस्तक केलं, ते आजही इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात बांबूचे समांतर दांडे कसे बांधायचे आणि खुर्चीत मूल सरळ कसं बसवायचं याची चित्रं आहेत. लंडनच्या एका विद्यापीठाने बांगलादेशातल्या कामातून तयार केलेला, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांसाठीचा अभ्यासक्रमही खुला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरचे ६४ उपचार घेऊन प्रत्येकाला सिग्नलचा रंग दिला. हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. ऑक्सिजनच्या टाकीला तिथे लाल मिळाला. मुलाला स्वतः करू देत रोजच्या कामांचा सराव करून घेण्याला हिरवा. शाळा न शिकलेल्या बापालाही सिग्नल कळतो.

घरची माणसंही आहेत. मुंबईत १९७२ पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम करणारी, आज ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे, २००१ पासून बालविकासावर काम करणारं ‘उम्मीद’ आहे. ठाण्याच्या ‘आयपीएच’ने मानसिक आरोग्यावर मराठीत किती सोपं नि किती नेमकं बोलता येतं, हे व्हिडिओंतून दाखवून दिलं आहे. लिहिणारे, तपासणारे, बोलणारे, चित्र काढणारे सगळे महाराष्ट्रात सापडतील. त्यांना एका टेबलाशी बसवणारा हवा, आणि पुण्यात आपल्याच खात्याचा माहिती, शिक्षण व संपर्क विभाग त्यासाठीच तर आहे.

भरवसा कसा बसावा, हा खरा अवघड प्रश्न. जिनिव्हाच्या एका संस्थेने १९९० च्या दशकात आरोग्याच्या वेबसाइटींना विश्वासार्हतेचं चिन्ह द्यायला सुरुवात केली. हजारो साइटींनी ते मिरवलं. २०२२ संपता संपता संस्थाच बंद झाली आणि चिन्हाच्या मागे कुणी उरलं नाही. शिक्का मारणं सोपं असतं, सांभाळणं खर्चाचं. यापेक्षा चांगला नमुना आपल्या राज्यातच आहे. मराठी विश्वकोशाच्या नव्या नोंदी विषयवार ज्ञानमंडळांकडून लिहून घेतल्या जातात, आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव तर असतंच, तपासणाऱ्या समीक्षकाचंही असतं. आरोग्याच्या पानाला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतील: शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, आणि पुढची कधी होणार ती तारीख. वैद्यकशास्त्र बदलतं ही सबब त्या दोन तारखांनी मिटते. पान जुनं झालं तर वाचणाऱ्याला ते दिसेल, आणि खात्यालाही लपवता येणार नाही.

मग हे पान पोचवायचं कसं? केसपेपरवर. निदान लिहून झालं की त्या निदानाचा क्यूआर कोड छापलेली चिठ्ठी जोडायची, ‘फॉलोअप एक महिना’च्या शेजारी. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तीच माहिती ऐकू यावी. जव्हार-मोखाड्यात वारलीत, मेळघाटात कोरकूत, भामरागडात माडियात बोललेला आवाज हवा. मराठी प्रमाणभाषेतली पुस्तिका तिथे इंग्रजीइतकीच परकी ठरते. पानावर त्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता, कोणत्या वारी कोण बसतं आणि कोणती जागा रिकामी आहे, हेही यावं. स्पीच थेरपिस्ट नसेल तर तसं लिहावं. सत्तर किलोमीटर एसटीने येऊन ‘मॅडम सुट्टीवर’ ऐकण्यापेक्षा ते बरं.

आणि हे सगळं उघडता यावं. आपली कित्येक परिपत्रकं छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली जातात. अंध आईचा फोन अक्षरं वाचून दाखवतो, चित्र वाचत नाही. स्कॅन केलेला कागद त्याच्या लेखी निव्वळ चित्र असतं. कर्णबधिर वडिलांना उपशीर्षकं नसलेला व्हिडिओ म्हणजे ओठ हलवणारा माणूस. अपंगत्व असलेल्या मुलाचे पालक स्वतः अपंग असू शकतात, हे आपली यंत्रणा सहसा गृहीत धरत नाही. २०१६ च्या कायद्याचं ४२ वं कलम हेच सांगतं: मजकूर छापील असो, ध्वनीत असो की इलेक्ट्रॉनिक, तो सर्वांना वापरता येईल अशा रूपात हवा, खुणांच्या भाषेसह.

फसवणूक ओळखायची साधनंही याच पानावर हवीत. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, ऑडिऑलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, १९९२ च्या कायद्याने. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद राज्याच्या परिषदेत. फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर, वेबसाइटवर, व्हॉट्सअ‍ॅपवरही आपला नोंदणी क्रमांक दाखवायला हवा, असं मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचना सांगतात. ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न विचारायचा पालकांना हक्क आहे, हेच कित्येकांना माहीत नसतं. विचारला तर डॉक्टरांना राग येईल, अशी भीती असते.

पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या पोकळीत आपापल्या परीने उभे राहिले आहेत. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राला कोणता फोटो चालतो, ‘निरामय’ या लाखभर रुपयांच्या आरोग्य विम्यात थेरपीचं बिल कसं लावायचं, कोणती शाळा मुलाला हसत घेते, हे तिथे जितकं अचूक कळतं तितकं सरकारी कार्यालयात कळत नाही. पण त्याच ग्रुपवर रात्री अकराला कुणी आकडीच्या औषधाचा डोस विचारतं आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर येतं. उत्तर देणाऱ्याची कळकळ खरी असते, मुलाचं वजन मात्र त्याला माहीत नसतं. हल्ली हाच प्रश्न मराठीत बोलणाऱ्या एआयला विचारला जातो. तो अस्खलित उत्तर देतो, आणि ते उत्तर उपलब्ध मजकुरातूनच घडतं. मराठीत या विषयावर जाहिरातीच जास्त असतील, तर त्या उत्तरालाही जाहिरातीचाच वास येणार.

मंत्रिमहोदय, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. ० ते १८ वयाच्या मुलांतले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधण्यासाठी आपली पथकं तेव्हापासून अंगणवाड्या नि शाळा पालथ्या घालत आहेत. शोधायचं काम चालू आहे. सापडल्यावर घरच्यांना काय सांगायचं, ते राहिलं आहे.

म्हणून एक लहान मागणी. २१ पानं एकदम नकोत. एकच करावं, सेरेब्रल पाल्सीचं. त्यात खुब्याच्या एक्स-रेचं वेळापत्रक असावं, उपचारांचे हिरवे-पिवळे-लाल रंग असावेत, फिट आल्यावर काय करायचं ते असावं, घरच्या घरी मूल कसं बसवायचं-भरवायचं त्याची चित्रं असावीत, आणि वारलीतला आवाज. येत्या ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, ते पालघर जिल्ह्याच्या केसपेपरला जोडलं जावं. वर्षभराने किती मुलांचे एक्स-रे वेळेवर झाले, ते मोजावं आणि जाहीर करावं. पान कोण लिहिणार, कोण तपासणार आणि जुनं झालं की ते बदलायची जबाबदारी कोणाच्या नावावर राहील, हे खात्याने त्याआधी कळवावं, ही विनंती.

कळावे,

दिव्यांग मुलांच्या पालकांचा एक हितचिंतक